बाबांचा फोन रीसेट केला, आता हेच काम शिकायचे आहे

वाचकाचे पत्र

माझे गाव घाटंजी तालुक्यात आहे. संगणकशास्त्रात बी.एस्सी. करून मी दोन वर्षांपासून मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसते. गेल्या हंगामात बाबांच्या खात्यात कापसाचा चुकारा जमा झाला आणि चौथ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप गटात आलेली ‘पीएम किसान’ नावाची फाइल त्यांनी उघडली. सकाळपर्यंत 68 हजार रुपये गेले होते. दुसऱ्या रात्री व्हायरस निघून जावा म्हणून मी फोन दुकानात नेऊन रीसेट केला. तक्रार दिली आहे, पण अजून काही हाती लागलेले नाही. तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे की संगणकावरील गुन्हे उकलणारी डिजिटल फॉरेन्सिक विश्लेषक व्हायचे आणि अशा लोकांना पकडायचे. नागपूरचा एक क्लास हमखास नोकरीचे सांगून 1 लाख 20 हजार रुपये मागतो. माझे इंग्रजी कच्चे आहे. मोठे काकाजी म्हणतात की हे पोलिसी काम आहे, मुलीने गुन्हेगारांच्या नादी लागू नये. मी काय करावे? विदर्भात राहून हे काम मिळते का?

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. फोन दुकानात नेऊन रीसेट केला, असे तुम्ही लिहिले आहे. ते तुम्ही बाबांच्या काळजीपोटी केले आणि तुमच्या जागी कोणत्याही कारागिराने तेच केले असते, त्यामुळे ते मनाला लावून घेऊ नका. परंतु ज्या कामात तुम्हाला यायचे आहे त्याचा पहिला धडा नेमका त्या वाक्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये माहिती कूटबद्ध करून साठवलेली असते आणि ती उलगडण्याची किल्ली फोनच्याच आत असते. रीसेट केल्यावर ती किल्ली नष्ट होते, आणि मग चिपवर जे उरते त्यातून कोणत्याही प्रयोगशाळेला अर्थ लावता येत नाही. ती फाइल त्या फोनवर किती वाजता उतरली, ॲप म्हणून केव्हा बसवली गेली, संदेश वाचण्याची परवानगी तिने केव्हा मिळवली, बँकेचे ओटीपी तिने कुठे पाठवले, याच्या खुणा त्या रात्रीपर्यंत त्या फोनमध्ये होत्या. दुरुस्तीच्या दुकानातून प्रयोगशाळेकडे येणाऱ्या प्रत्येकाला ही एक सवय मुळापासून बदलावी लागते. कारागिराचे कौशल्य बिघडलेली वस्तू चालू करण्यात असते, तर विश्लेषकाला ती वस्तू ज्या अवस्थेत सापडली त्याच अवस्थेत राखावी लागते, मग ती अवस्था कितीही वाईट असो. बाबांच्या प्रकरणात अजून काय शिल्लक आहे ते शेवटी सांगते, कारण बरेच काही शिल्लक आहे.

मी स्वतः आर्वीजवळच्या एका खेड्यातून या कामात आले आणि एकोणीस वर्षे ते केले, त्यामुळे त्याचे खरे रूप तुम्हाला आधीच कळावे अशी माझी इच्छा आहे. दिवसाचा मोठा भाग नोंदी ठेवण्यात जातो. पोलीस ठाण्याकडून लाखेची मोहोर असलेले पाकीट येते आणि सोबत पत्र असते. मोहोर पत्रावरील नमुन्याशी जुळते का, पाकीट कुठे फाटलेले आहे का, आत किती वस्तू निघाल्या, फोन चालू होता की बंद, त्याचा 15 अंकी आयएमईआय क्रमांक कोणता, पडद्याला तडा कुठे आहे, हे छायाचित्रांसह लिहावे लागते. पंचनाम्यात काळा फोन लिहिलेला असेल आणि पाकिटातून निळा निघाला, तर तसेच लिहायचे आणि तपास अधिकाऱ्याला कळवायचे. मनाने दुरुस्ती करायची नाही. चालू फोन दुरूनही पुसता येतो, म्हणून तो लहरी अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवतात. हार्ड डिस्क असेल तर ती राइट ब्लॉकर नावाच्या उपकरणातूनच जोडतात, कारण डिस्क साध्या संगणकाला नुसती लावली तरी त्यावर नवीन नोंदी होऊ शकतात. नंतर डिस्कमधील प्रत्येक बिट जसाच्या तसा उतरवून प्रतिमा घेतली जाते, मूळ डिस्क पुन्हा मोहोरबंद होते आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर चालते.

प्रतिमा मूळ वस्तूशी तंतोतंत जुळते हे सिद्ध करण्यासाठी हॅश मूल्य, म्हणजे आतल्या सगळ्या माहितीवरून गणिताने निघणारी एक खूण, काढतात. एसएचए-256 पद्धतीने काढलेले हॅश मूल्य 64 चिन्हांचे असते, आणि लाखो पानांच्या मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ते संपूर्ण वेगळे येते. दोन्हीकडे तेच मूल्य आले म्हणजे प्रतीत काही घातले किंवा काढले गेले नाही.

तुमच्या घरी सातबारा असेलच. जमीन आजोबांकडून बाबांकडे कशी आली हे फेरफाराच्या नोंदींवरून कळते, आणि मधला एखादा फेरफार गहाळ असला तर जमीन पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच वहितीत असूनही तहसीलच्या चकरा सुटत नाहीत. मुद्देमालाचे अगदी तसेच आहे. फोन हवालदाराने कुणाकडे दिला, मालखान्यातून केव्हा निघाला, प्रयोगशाळेत कुणी घेतला, कुणी उघडला आणि पुन्हा केव्हा बंद केला, ही साखळी एका ठिकाणी तुटली की आतला पुरावा कितीही बोलका असला तरी उलटतपासणीत त्याच्यावर संशय उभा करता येतो.

कायद्यानेही आता या नोंदींवर अधिक भर दिला आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम 2023 लागू झाला. त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. पहिला भाग ज्याच्या ताब्यात उपकरण होते त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि हॅश मूल्य त्यातच लिहावे लागते. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे आहे, हे ज्या निकालावरून देशभर शिकवले जाते तो आपल्याच राज्यातील आहे. जालना मतदारसंघात 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदत संपल्यानंतर स्वीकारला गेला असा आक्षेप होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 14 जुलै 2020 रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मूळ उपकरण न्यायालयापुढे न आणता त्याची प्रत द्यायची असेल, तर तेव्हाच्या पुरावा कायद्यातील कलम 65-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तो निकाल मिळवून सावकाश वाचा. भाषा जड आहे, पण एका चित्रफितीच्या पुराव्याभोवती किती प्रश्न उभे राहू शकतात हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही क्लासमध्ये कळणार नाही.

आता तुमच्या पत्रातील ‘पकडायचे’ या शब्दाविषयी. तुमचा राग रास्त आहे. पऱ्हाटीत वर्षभर राबून आलेला पैसा एका रात्रीत गेला आहे. परंतु पकडण्याचे काम तपास अधिकाऱ्याचे आहे आणि दोषी ठरवण्याचे न्यायालयाचे. विश्लेषक फक्त त्या उपकरणात काय आहे ते सांगतो. अहवालात ‘या फोनमधून अमुक वेळी अमुक संदेश गेला’ असे लिहिता येते. ‘आरोपीने संदेश पाठवला’ असे लिहिता येत नाही, कारण तुम्ही त्याला पाठवताना पाहिलेले नसते. हा भेद शहरातील माणसाला बारीक वाटेल. आपल्या खेड्यांत तो रोजचा आहे. सिमकार्ड मुंबईला गेलेल्या मुलाच्या नावावर असते, फोन वडील वापरतात, पैशाचे ॲप सुनेला चालवता येते आणि संध्याकाळी तोच फोन नातवाच्या हाती असतो. शेजारच्या काकूंना फोन लावायचा असला तरी त्याच फोनवरून लावला जातो. अशा घरातून जप्त झालेल्या फोनवर बोट ठेवून ‘हे याने केले’ म्हणणे किती धोक्याचे आहे, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. कोणत्या पॅटर्नने फोन उघडला, त्याच दहा मिनिटांत आणखी कोणते ॲप वापरले गेले, त्या वेळी कुणाला फोन लावला गेला, त्या माणसाच्या लिहिण्याची ढब कशी आहे, अशा अनेक खुणा एकमेकींशी जुळल्यावर तपास अधिकारी त्या माणसापर्यंत पोहोचू शकतो. खुणा जुळत नसतील, तर जुळत नाहीत असे लिहिणे हेही तुमचेच काम आहे, मग ठाण्याचा कितीही आग्रह असो. मला वाटते की या पेशात माणसाचा कस इथेच लागतो.

वेळेच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक तुम्हाला सांगते. कामाच्या पहिल्या वर्षांत एका धमकीच्या संदेशाची वेळ मी दुपारी 2 वाजून 50 मिनिटे अशी लिहिली होती. चॅटच्या डेटाबेसमध्ये वेळ घड्याळासारखी लिहिलेली नसते. 1 जानेवारी 1970 पासून किती मिलिसेकंद उलटले हा एक लांबलचक आकडा असतो, तोही जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि मी ते साडेपाच तास मिळवायला विसरले होते. खरी वेळ रात्री 8 वाजून 20 मिनिटे होती. ज्याच्यावर आरोप होता तो माणूस त्या दुपारी बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाडीपाशी रांगेत होता आणि त्याला चार साक्षीदार होते. माझी वेळ तशीच न्यायालयात गेली असती तर सगळे प्रकरण त्या एका ओळीवर कोसळले असते; दुसऱ्या एखाद्या प्रकरणात अशाच चुकीने निरपराध माणूस आत गेला असता. माझ्या वरिष्ठ बाईंनी सहीपूर्वी ती चूक पकडली आणि मला पूर्ण अहवाल पुन्हा करायला लावला. तेव्हापासून मी प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या प्रमाणवेळेची आहे हे लिहिल्याशिवाय पुढे गेले नाही. क्रोम ब्राउझर तर आपला काळ 1 जानेवारी 1601 पासून मोजतो, तेही मायक्रोसेकंदांत. असे आकडे हाताने एकदा तरी उलगडून पाहा, म्हणजे सॉफ्टवेअरने दाखवलेल्या वेळेवर डोळे मिटून विसंबण्याची सवय लागणार नाही.

इंग्रजीची चिंता तुम्ही करता, ती अर्धी खरी आहे. साधने, त्यांची माहितीपुस्तके, कायद्याचे निकाल इंग्रजीत आहेत आणि ते वाचण्याइतके इंग्रजी तुम्हाला मिळवावेच लागेल. रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचलीत तर वर्षभरात वाचन सुधारेल. बोलणे अडखळले तरी सुरुवातीला चालते. पण पुरावा मात्र इंग्रजीत बोलत नाही. तो आपल्या लोकांच्या भाषेत असतो, आणि तिथे तुमच्याकडे जे आहे ते पुण्या-मुंबईच्या पदवीधराकडे नसते. ‘चुकारा’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो संशयिताच्या चॅटमध्ये तो शब्द शोधणारच नाही. वऱ्हाडी बोली रोमन लिपीत लिहिली जाते तेव्हा एकच शब्द पाच जण पाच प्रकारे लिहितात. आवाजी संदेश तर कधी गोरमाटीत, कधी कोलामीत असतात, आणि तुमच्या भागातल्या माणसाला निदान ही कोणती भाषा आहे आणि समजावून द्यायला कुणाला बोलवावे एवढे तरी कळते.

याच विषयात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती शिकवणारे फार थोडे आहेत. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या संकेतांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही वेळा अक्षर तेच दिसते, परंतु शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात, आणि एकाच रूपाने शोधणाऱ्या विश्लेषकाच्या हातून दुसऱ्या रूपातील मजकूर निसटतो. पतसंस्था किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या संगणकावर याहून मोठी अडचण येते. तिथली कागदपत्रे कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या, युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी संकेतपद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते आणि फॉन्ट काढून घेतला तर मराठीचा एक शब्दही दिसत नाही. अशा डिस्कवर ‘कर्ज’ किंवा ‘ठेव’ हा शब्द युनिकोडमध्ये टंकून शोधला तर उत्तर शून्य येते, आणि ज्याला हे माहीत नाही तो भाबडेपणाने ‘काही आढळले नाही’ असे लिहून मोकळा होतो. तुमच्यासारख्या, मराठीतून विचार करणाऱ्या मुलींची या कामाला गरज आहे असे मी म्हणते, त्यामागे हे कारण आहे.

दुकानातल्या एका गोष्टीबद्दल मात्र कडक शब्दांत सांगते. दुरुस्तीला फोन देताना लोक पॅटर्नही सांगून जातात. त्या विश्वासाने मिळालेला फोन कामापुरताच उघडायचा; गॅलरी, चॅट, कुणाचे काय चालले आहे हे पाहायचे नाही, आणि दुकानातल्या कुणाला पाहू द्यायचे नाही. परवानगीवाचून कुणाच्या संगणकात किंवा फोनमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा होऊ शकतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाबांना फसवणाऱ्यांच्या सर्व्हरमध्ये शिरून त्यांचा माग काढण्याची इच्छा झाली, तर तिलाही हेच कलम लागते. शिवाय असा मिळवलेला पुरावा तपासाला उपयोगी पडण्याऐवजी अडचणच करतो.

मनावर येणाऱ्या ओझ्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण ते लपवणे मला योग्य वाटत नाही. पॉक्सोच्या प्रकरणांत लहान मुलांवरील अत्याचाराची छायाचित्रे आणि चित्रफिती पाहून त्यांचे वर्णन अहवालात करावे लागते. ज्ञात चित्रांची हॅश मूल्ये जुळवून पाहण्याची सोय आता आहे, त्यामुळे प्रत्येक चित्र डोळ्यांनी पाहावे लागत नाही, तरी जे पाहावे लागते ते विसरता येत नाही. आपल्या भागात आणखी एक दुःख आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचा फोन टेबलावर येतो, त्यात कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांच्या धमक्या असतात, आणि शेवटचा, न पाठवलेला संदेश तसाच लिहून ठेवलेला असतो. मी असे फोन पाहिले आहेत. त्या दिवशी घरी जाऊन कुणाशी बोलता येत नाही, कारण प्रकरण गोपनीय असते. म्हणून आधीच ठरवून ठेवा की सहकाऱ्यांपैकी कुणाशी बोलता येईल, आणि अशी प्रकरणे सलग येऊ लागली तर वरिष्ठांना स्पष्ट सांगून मध्ये दुसरे काम मागून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आता शिक्षण आणि पैसा. 1 लाख 20 हजार रुपये त्या क्लासला देऊ नका, कर्ज काढून तर मुळीच नाही. हमखास नोकरीची भाषा जिथे आहे तिथे सावध राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. अहवालावर सही करण्याचा अधिकार अशा प्रमाणपत्राने येत नाही. नागपूरला शासकीय न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञान संस्था आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ डिजिटल फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. शिकवते, आणि त्याच्या नागपूर परिसराचे भूमिपूजन 2025 च्या मे महिन्यात कामठी तालुक्यातील चिंचोली येथे झाले, त्यामुळे ही वाट आता घराच्या जवळ आली आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या सायबर सुरक्षेच्या पदविकेला सी-कॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो. तिच्या पात्रतेच्या अटी नीट वाचून मगच अर्ज करा. तुमची बी.एस्सी. वाया गेलेली नाही. अभियांत्रिकीची पदवी नसली तरी या क्षेत्राचे दार बंद होत नाही.

पण प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका. ऑटॉप्सी आणि त्याच्या पोटात चालणारे स्लूथ किट ही ब्रायन कॅरियर यांनी सुरू केलेली, डिस्क-प्रतिमा तपासण्याची साधने मोफत आहेत, आणि ती खऱ्या प्रयोगशाळांतही वापरली जातात. एफटीके इमेजरने प्रतिमा घेता येते, तेही विनामूल्य. सरावासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने आणि डिजिटल कॉर्पोरा या संग्रहाने बनावट प्रकरणांच्या डिस्क-प्रतिमा सर्वांसाठी ठेवल्या आहेत. दुकानात पडून असलेला एखादा स्वतःचा जुना पेनड्राइव्ह घ्या, त्यावर वीस फाइली ठेवा, सात पुसून टाका, प्रतिमा घ्या, हॅश काढा आणि पुसलेल्यांपैकी किती परत मिळतात ते पाहा. नंतर तोच प्रयोग एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कवर करा. तिथे पुसलेला भाग डिस्क स्वतःच आतून साफ करते, त्यामुळे बहुधा फारसे काही मिळणार नाही, आणि हा फरक हाताने अनुभवलेला बरा. प्रत्येक प्रयोगाचा तीन पानी अहवाल मराठीत लिहा, असा की तो तुमच्या मामांना वाचून समजेल. त्यासाठी पानांवर क्रमांक असलेली जाड वही ठेवा. चुकलेले शब्द खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने घालवू नका. त्यावर एक रेघ मारा, शेजारी सही आणि वेळ लिहा. ही वही पुढे मुलाखतीला नेता येते, आणि मी मुलाखत घेत असते तर प्रमाणपत्रांआधी तीच उघडली असती.

नोकरीविषयी आशा वाढवून सांगणार नाही. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईला कलिन्यात आहे, विदर्भात त्याच्या प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर आणि अमरावती येथे आहेत. सायबर गुन्हे, टेप प्रमाणीकरण आणि ध्वनी विश्लेषण या विभागासाठी वैज्ञानिक सहायकाची पदे निघतात, पण जाहिराती दरवर्षी येतील असे नाही. जिल्ह्यांच्या सायबर विभागांत काम करणारे कित्येक जण पोलीस शिपाई म्हणून भरती होऊन संगणकाकडे वळलेले आहेत, तो मार्गही खुला आहे. खासगी काम बँका, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांकडे आहे आणि ते मुख्यतः पुण्या-मुंबईत आहे. म्हणून पहिली चार-पाच वर्षे बाहेर जाण्याची मनाची तयारी ठेवा. अनुभव गाठीशी आल्यावर परत येणे सोपे होते, मीही तशीच परतले.

काकाजींना एवढे सांगा की विश्लेषकाची आणि आरोपीची गाठ बहुतेक वेळा न्यायालयातच पडते, तेही मध्ये पोलीस, वकील आणि न्यायाधीश असताना. साक्षीचे समन्स प्रकरणानंतर पाच-सात वर्षांनीही येते. मी दारव्ह्याला, पांढरकवड्याला साक्ष द्यायला गेले आहे, आणि मला तिथे कधी अपमानास्पद वागणूक मिळाली नाही. काकाजींची काळजी तुमच्या भल्यापोटी आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा सोबत घेऊन नागपूरची संस्था दाखवून आणा.

आता बाबांचे प्रकरण. फोन गेला तरी व्यवहाराच्या खुणा दुसरीकडे आहेत. खात्याचा उतारा घ्या आणि गेलेल्या प्रत्येक रकमेपुढील संदर्भ क्रमांक वेगळ्या कागदावर उतरवा. पैसा पहिल्यांदा कोणत्या खात्यात गेला हे त्यावरून कळते, आणि ज्या खात्यात गेला त्याचे केवायसी त्या बँकेकडे असते. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद केली असेल तर तिचा पोच क्रमांक त्याच कागदावर लिहा. केली नसेल तर आज करा. अशी तक्रार पहिल्या काही तासांत केली तर पैसा गोठवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, पण उशिरा केलेली नोंदही तपासाला जोडली जाते. बाबांजवळ बसून त्या दोन दिवसांची हकिगत वेळेनुसार लिहून काढा. त्यांना जे नक्की आठवते आणि जे अंदाजाने वाटते ते वेगळे लिहा, आणि तुम्ही फोन केव्हा, का आणि कसा रीसेट केला हेही त्यात प्रामाणिकपणे लिहा, कारण ते लपवले तर पुढे तेच तुमच्यावर उलटेल. ही टिपणे घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्यांना भेटा आणि सांगा की ती फाइल गटातल्या इतरांच्या फोनमध्ये अजून असू शकते.

हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. गटात आलेली फाइल प्रत्येकाच्या फोनवर सारखीच असते आणि तिचे हॅश मूल्यही तेच येते. तज्ज्ञाने ती सुरक्षित संगणकावर उलगडली तर तिने कोणत्या परवानग्या मागितल्या होत्या, आणि बहुतेक वेळा चोरलेले संदेश ज्या पत्त्यावर जात होते तो पत्ता, हे तिच्या आतच लिहिलेले सापडते. त्याच मूल्याची फाइल दुसऱ्या तालुक्यातील तक्रारीत मिळाली तर दोन्ही तपास जोडता येतात. पण ती फाइल तुम्ही स्वतःकडे पाठवून घेऊ नका आणि दुकानातल्या संगणकावर उघडू नका. फोन पंचनामा करून पोलिसांनीच ताब्यात घ्यावा. त्यासाठी आजच संध्याकाळी गावात जा आणि ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये ती फाइल तशीच पडून आहे त्यांना सांगून या की ती उघडू नका, पुसू नका, कुणाला पुढे पाठवू नका आणि पोलीस येईपर्यंत त्या गटातून बाहेर पडू नका.